सैनिकांच्या अपत्यांची अभिरक्षा

लष्करी सेवेनिमित्त दीर्घकाळ घरापासून दूर राहणाऱ्या पित्याच्या किंवा मातेच्या अज्ञान अपत्याचा ताबा कोणाकडे असावा, त्याच्यासंबंधीचे निर्णय कोणी घ्यावेत आणि अनुपस्थित पित्याचे वा मातेचे हक्क कसे राखावेत, ह्यांविषयीच्या विधिनियमांचा अंतर्भाव या विषयात होतो. अभिरक्षा म्हणजे अपत्याचा प्रत्यक्ष ताबा व दैनंदिन संगोपन. पालकत्व म्हणजे अपत्याच्या शरीराविषयी व मालमत्तेविषयी निर्णय घेण्याचा विधिमान्य अधिकार. हे दोन्ही एकाच व्यक्तीकडे असतातच असे नाही. बोलभाषेत आईबापांनाच पालक म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत नोंदीत मात्र तो शब्द कायद्यातील अर्थानेच योजिला आहे. भारतात वयाची अठरा वर्षे पूर्ण न झालेली व्यक्ती सामान्यतः अज्ञान समजली जाते.

अपत्याच्या ताब्याविषयीचा कायदा वस्तुस्थितीकडे पाहतो. मुलाला जेवू कोण घालते, शाळेत कोण पोहोचविते, आजारपणात उशाशी कोण असते, ह्या गोष्टींना न्यायालय महत्त्व देते. सैनिकाला ह्या गोष्टी करता येत नाहीत. परंतु त्याची अनुपस्थिती स्वेच्छेची नसून आज्ञेची असते. त्यामुळे दोन न्याय्य तत्त्वांमध्ये विरोध निर्माण होतो. राष्ट्राच्या आज्ञेने दूर गेलेल्या माणसाच्या पाठीमागे त्याच्याविरुद्ध निर्णय होऊ नये, हे पहिले तत्त्व. आणि वाढत्या मुलाचे हित कोणाच्याही सोयीसाठी तहकूब ठेवता येत नाही, हे दुसरे. ह्या दोहोंचा मेळ घालणारा स्वतंत्र अधिनियम भारतात नाही. त्यासाठी पालकत्वाचे कायदे, दिवाणी प्रक्रिया संहिता व सैन्यदलांचे अधिनियम ह्यांमधील विखुरलेल्या तरतुदी एकत्र वाचाव्या लागतात.

ऐतिहासिक व सामाजिक पार्श्वभूमी : पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) हिंदी सैन्य मोठ्या संख्येने समुद्रापार गेले. मेसोपोटेमियात कुत-अल्-अमारा येथील वेढ्यात सापडलेल्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या आणि एप्रिल १९१६ मधील शरणागतीनंतर त्यांतील शिपाई तुर्कांचे युद्धकैदी झाले. अशा शिपायाविरुद्ध गावी दावा लागला, तर त्याला त्याची वार्ता मिळणेही दुरापास्त होते. ह्या अडचणीतून १९१८ चा भारतीय सैनिक (वाद) अधिनियम संमत झाला आणि त्याची जागा पुढे त्याच नावाच्या १९२५ च्या अधिनियमाने घेतली. त्याच्या कर्त्यांच्या डोळ्यांपुढे मुख्यतः जमीनजुमला व देणीघेणी ह्यांविषयीचे वाद होते. तथापि त्याचे शब्द व्यापक असल्याने अपत्याच्या ताब्यासाठी केलेला दिवाणी अर्जही त्याच्या कक्षेत येऊ शकतो.

महाराष्ट्रात ह्या प्रश्नाचे स्वरूप मुंबईच्या लालबाग-परळसारख्या वस्तीत विशेष स्पष्ट होते. गिरणगावात कामगार म्हणून आलेली कुटुंबे मुख्यतः रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इ. जिल्ह्यांतील होती आणि हेच जिल्हे मराठा व महार पलटणींना जवान पुरवीत आले आहेत. एक भाऊ गिरणीत, दुसरा पलटणीत व तिसरा गावी शेतीवर, अशी कुटुंबाची वाटणी ह्या समाजाला अपरिचित नव्हती. चाळीतील एका खोलीत अनेकांचा संसार असल्यामुळे लहान मुले कधी मुंबईत, कधी गावी आजीआजोबांपाशी, तर कधी आजोळी मामाकडे वाढत. सैनिकाच्या कुटुंबाला ह्या नातेव्यवस्थेचा मोठा आधार होता. ती सुरळीत चालत असेतोवर मूल कायद्याने कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न कोणी विचारीत नसे. पतिपत्नींत बेबनाव झाला किंवा त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला, म्हणजे मात्र तोच प्रश्न तीव्रतेने पुढे येई. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या व एकत्र कुटुंबांची पांगापांग झाली. त्यामुळे मूल सांभाळणाऱ्या नात्यांचा हा आधारही पूर्वीइतका निश्चित राहिला नाही.

पालकत्वाचा विधी व अनुपस्थिती : ह्या विषयाचा सर्वसाधारण कायदा म्हणजे पालक व पाल्य अधिनियम, १८९०. हिंदूंच्या बाबतीत त्याच्या जोडीला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ हा लागू होतो. १९५६ च्या अधिनियमाच्या सहाव्या कलमानुसार औरस अज्ञान मुलाचा व अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक पिता असून ‘त्याच्यानंतर’ माता ही नैसर्गिक पालक होते. मात्र पाच वर्षे पूर्ण न झालेल्या अपत्याचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, असे त्याच कलमात म्हटले आहे. अनौरस अपत्याच्या बाबतीत माता ही प्रथम पालक असते. तेराव्या कलमाने अपत्याचे हित हाच सर्वोपरी विचार ठरविला आहे.

‘त्याच्यानंतर’ म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर, असा अर्थ दीर्घकाळ रूढ होता. तो कायम राहता, तर पती सीमेवर असताना त्याच्या पत्नीला मुलाच्या शाळाप्रवेशापासून शस्त्रक्रियेच्या संमतीपर्यंत प्रत्येक गोष्टीत अडचण आली असती. १९७० मध्ये विदर्भातील कूळकायद्याखालील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निराळी दिशा दाखविली. त्या प्रकरणात पिता हयात होता. परंतु तो वर्षानुवर्षे पत्नी व मुलगी ह्यांच्यापासून अलग राहत असून मुलीचा सर्व कारभार माताच पाहत होती. अशा परिस्थितीत माता ही नैसर्गिक पालक मानता येते, असा निर्णय झाला. पुढे गीता हरिहरन ह्या लेखिकेने रिझर्व्ह बँकेविरुद्ध केलेल्या याचिकेत १७ फेब्रुवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व व्यापक केले. ‘त्याच्यानंतर’ ह्याचा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा घ्यावा आणि अनुपस्थितीत पित्याची उदासीनता, उभयतांमधील समजूत, पित्याची शारीरिक वा मानसिक असमर्थता, तसेच माता व अपत्य राहतात त्या ठिकाणापासून त्याचे दूर असणे ह्यांचा समावेश होतो, असे न्यायालयाने सांगितले.

ह्यांतील शेवटचे कारण सैनिकाच्या स्थितीला थेट लागू पडते. पती दूरच्या ठाण्यावर असताना पत्नी ही केवळ त्याची प्रतिनिधी नसून स्वतःच्या अधिकाराने अपत्याची पालक असते. मात्र हे तत्त्व एकेरी नाही. अनुपस्थितीमुळे मातेला अधिकार मिळतो, पण पित्याचे पालकत्व नष्ट होत नाही. अनुपस्थिती संपली की त्याचा अधिकार पूर्ववत् क्रियाशील होतो. सैनिक बेपत्ता झाल्यास हा भेद आणखी महत्त्वाचा ठरतो. सात वर्षे ज्याची वार्ता नाही तो मृत असल्याचे गृहीत धरण्याचा साक्ष्यविधीतील नियम वारसा इ. गोष्टींसाठी उपयोगी पडतो. अपत्याविषयीचे निर्णय घेण्यासाठी मात्र मातेला तितका काळ थांबावे लागत नाही. अपत्याच्या मालकीची स्थावर मालमत्ता विकावयाची झाल्यास नैसर्गिक पालकालाही न्यायालयाची पूर्वानुमती घ्यावी लागते, हे बंधन मातेलाही लागू आहे.

मुस्लिम विधीनुसार पालकत्व पित्याकडे असले, तरी लहान अपत्याच्या संगोपनाचा मातेचा हक्क स्वतंत्रपणे मान्य केलेला आहे. हनफी पंथात तो मुलाच्या बाबतीत सात वर्षांपर्यंत व मुलीच्या बाबतीत ती वयात येईपर्यंत असतो. ख्रिस्ती, पारशी व इतर समाजांसाठी १८९० च्या अधिनियमाबरोबर त्या त्या विवाहविषयक कायद्यातील तरतुदी पाहाव्या लागतात. कोणताही वैयक्तिक विधी लागू असला, तरी न्यायालयापुढे अपत्याचे हित हाच अखेरचा निकष ठरतो.

सैनिक पक्षकाराचे प्रक्रियात्मक संरक्षण : हे संरक्षण तीन प्रकारांनी मिळते. (१) १९२५ च्या अधिनियमानुसार युद्धपरिस्थितीत, समुद्रापार किंवा अधिनियमाने अथवा अधिसूचनेने निर्दिष्ट केलेल्या अन्य विशेष परिस्थितीत सेवा करणारा सैनिक दाव्यात वा अर्जात पक्षकार असेल व त्याच्या वतीने कोणी हजर नसेल, तर न्यायालयाने कामकाज थांबवून विहित लष्करी प्राधिकाऱ्याला सूचना द्यावयाची असते. सैनिक अशा परिस्थितीत सेवा करीत असून न्यायासाठी तहकुबी आवश्यक आहे, असे प्रमाणपत्र त्या प्राधिकाऱ्याकडून आल्यास न्यायालयाला कामकाज तहकूब करावे लागते. सैनिक हजर राहू शकत नाही, असे दिसून आल्यास जिल्हाधिकारीही न्यायालयाला तसे कळवू शकतो. सैनिकाच्या पाठीमागे झालेला हुकूमनामा रद्द करून घेण्याची आणि मुदतीच्या कायद्यात सवलत मिळण्याची तरतूदही त्यात आहे. युद्धकैदी हा युद्धपरिस्थितीत सेवा करीत असल्याचे मानले जाते. (२) दिवाणी प्रक्रिया संहितेच्या अठ्ठाविसाव्या आदेशानुसार रजा न मिळणारा सैनिक आपल्याऐवजी दावा चालविण्याचा किंवा लढविण्याचा अधिकार कोणाही व्यक्तीला लेखी देऊ शकतो. हे अधिकारपत्र समादेशक अधिकाऱ्यासमोर सही करून व त्याची प्रतिस्वाक्षरी घेऊन न्यायालयात दाखल करावयाचे असते. (३) भूसेना अधिनियम, १९५० च्या बत्तिसाव्या कलमानुसार दावा चालविण्यासाठी रजा मिळाल्याचे किंवा मागितल्याचे लष्करी प्रमाणपत्र सादर केल्यास न्यायालयाने शक्य तोवर त्या रजेच्या मुदतीतच सुनावणी पूर्ण करून निकाल द्यावयाचा असतो.

तहकुबीच्या मर्यादा : जमिनीच्या दाव्यात तहकुबीने फारसे बिघडत नाही, दोन वर्षांनीही जमीन जागेवरच असते. अपत्याच्या बाबतीत तसे नसते. तीन वर्षांचे मूल दोन वर्षांत शाळेत जाऊ लागते आणि ज्याच्यापाशी राहते त्याचे होऊन जाते. त्यामुळे ताब्याच्या दाव्यातील तहकुबी दिसावयास तटस्थ असली, तरी परिणामाने तटस्थ नसते. मूल ज्याच्या हाती, त्याच्या बाजूने काळ जात असतो. मूल मातेपाशी असेल, तर सैनिक पित्याला मिळालेल्या तहकुबीने त्याचाच तोटा होऊ शकतो. मूल पित्याच्या नातेवाइकांपाशी असेल, तर तीच तहकुबी मातेला मुलापासून वर्षानुवर्षे तोडणारी ठरते. म्हणून अशा प्रकरणी अंतरिम आदेशाला विशेष महत्त्व येते. १८९० च्या अधिनियमाच्या बाराव्या कलमानुसार न्यायालय अपत्यास हजर करण्याचा आदेश देऊ शकते व त्याच्या तात्पुरत्या ताब्याची आणि संरक्षणाची व्यवस्था करू शकते. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ च्या सव्विसाव्या कलमातही असे आदेश वेळोवेळी देण्याचा व बदलण्याचा अधिकार आहे.

लालबागमधील एका कुटुंबाचे कल्पित उदाहरण घेतल्यास ह्या तरतुदींचे परस्परसंबंध स्पष्ट होतील. पती पायदळात असून त्याची पलटण कुटुंब नेता येत नाही अशा पर्वतीय सीमेवर आहे. पत्नी परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे आणि चार वर्षांची मुलगी दिवसा सासूसासऱ्यांपाशी असते. घरात बेबनाव होतो. सासूसासरे मुलीला घेऊन सातारा जिल्ह्यातील आपल्या गावी निघून जातात आणि आपली बदली होईपर्यंत मुलगी तेथेच राहावी, असे पती कळवितो.

येथे पहिला प्रश्न न्यायालयाचा. १८९० च्या अधिनियमाच्या नवव्या कलमानुसार अज्ञान अपत्य जेथे सामान्यतः राहते, तेथील न्यायालयाला अधिकार असतो. मुलगी लालबागच्या घरात वाढली व तेथील बालवाडीत जात होती; तिला काही आठवड्यांपूर्वी गावी नेल्याने तिचे सामान्य निवासस्थान बदलले, असे एकदम म्हणता येत नाही. तथापि हा प्रश्न वस्तुस्थितीचा व हेतूचा असल्याने अर्जाला जितका विलंब होईल, तितका तो अवघड होत जातो. अधिकार मुंबईचा ठरल्यास अर्ज वांद्रे येथील कौटुंबिक न्यायालयात करावयाचा असतो. कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ नुसार मुंबईत हे न्यायालय १९८९ मध्ये स्थापन झाले. तेथे समेटासाठी प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य असते. तसेच वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नसून त्यासाठी न्यायालयाची अनुमती लागते. प्रत्यक्ष हजर राहू न शकणाऱ्या सैनिकाने ही गोष्ट ध्यानात घेऊन अनुमतीचा अर्ज व अधिकारपत्र वेळीच दाखल करणे आवश्यक असते.

दुसरा प्रश्न तात्पुरत्या ताब्याचा. मुलगी पाच वर्षांच्या आतील असल्याने तिचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, हा नियम लागू पडतो. माता अपात्र आहे, असे म्हणणाऱ्याने ते सिद्ध केले पाहिजे. गोव्यातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. माता नोकरी करते एवढ्यावरून ती अपात्र ठरत नाही. आजीआजोबांचे प्रेम व सांभाळ ह्यांचा विचार होतो. परंतु आईबापांच्या अधिकारासमोर त्यांना स्वतंत्र अधिकार नसतो. तिसरा प्रश्न पतीच्या संधीचा. अंतरिम ताबा मातेकडे देऊनही मुख्य प्रश्नाचा निर्णय पतीच्या रजेपर्यंत राखून ठेवता येतो आणि मधल्या काळात मुलीशी त्याचे बोलणे व रजेतील भेट ह्यांची तरतूद करता येते. अशा रीतीने मुलीचे हित तहकूब होत नाही व पित्याच्या पाठीमागे अंतिम निर्णयही होत नाही.

तात्पुरती सोपवणूक व तिचे स्वरूप : ज्याच्याकडे अपत्याचा ताबा आहे, अशा विधुर वा घटस्फोटित सैनिकाला सीमेवर जाण्याची आज्ञा झाली, तर प्रश्न उलट बाजूने उभा राहतो. आपल्या आईवडिलांकडे किंवा बहिणीकडे मूल ठेवून तो गेला, तर परतल्यावर त्याला ते परत मिळेल काय? ह्या बाबतीत प्रिव्ही कौन्सिलने १९१४ मध्ये ॲनी बेझंट ह्यांच्याविरुद्धच्या प्रकरणात दिलेला निर्णय मूलभूत मानला जातो. जे. कृष्णमूर्ती व त्यांचा बंधू ह्यांना त्यांच्या पित्याने बेझंटबाईंच्या स्वाधीन केले होते व पुढे त्याने त्यांना परत मागितले. पिता अपत्याचा सांभाळ व शिक्षण दुसऱ्यावर सोपवू शकतो, परंतु तो अधिकार परत घेता न येण्याजोगा देऊ शकत नाही, असे तत्त्व त्यात मांडले गेले. त्याचबरोबर ही सोपवणूक मागे घेणे अपत्याला अपायकारक ठरत असेल, तर न्यायालय हस्तक्षेप करू शकते, हेही त्यात सांगितले आहे. महाराष्ट्रातील एका प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ह्याच दिशेने निर्णय दिला. आईबाप दोघेही आजारी असताना तान्हे मूल मातेच्या नातेवाइकांनी सांभाळले. मातेच्या मृत्यूनंतर बऱ्या झालेल्या पित्याने ते मागितले. नातेवाइकांनी संकटकाळात केलेल्या सांभाळाचे ऋण मान्य करूनही, त्यामुळे पित्याला अपत्यापासून वंचित ठेवता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. हा पिता सैनिक नव्हता. परंतु अपरिहार्य कारणाने दुसऱ्यावर मूल सोपविणाऱ्या सैनिकाला हाच न्याय लागू करण्यास बाध येत नाही.

मात्र आईबापांचे हक्क ही मालकी नव्हे. मुले म्हणजे मालमत्ता नव्हेत आणि ताब्याविषयीचे आदेश, ते संमतीने झालेले असले तरी, परिस्थितीनुसार बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितले आहे. १८९० च्या अधिनियमाच्या सतराव्या कलमानुसार अपत्याचे वय, लिंग व धर्म, पालकाचे चारित्र्य व पात्रता, नात्याची जवळीक इत्यादींचा विचार होतो. अपत्य समजूतदार वयाचे असल्यास त्याची पसंतीही विचारात घेता येते. दीर्घ अनुपस्थितीनंतर परतलेला पिता मुलाला अनोळखी वाटणे स्वाभाविक असते. अशा वेळी एकदम ताबा बदलण्याऐवजी भेटी वाढवीत टप्प्याटप्प्याने तो देणे अधिक हितावह ठरते.

संपर्काचा हक्क : बालकाच्या हक्कांविषयीच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात भारत डिसेंबर १९९२ मध्ये सामील झाला. आईबापांपासून दूर असलेल्या बालकाला दोघांशी नियमित संबंध राखण्याचा हक्क असल्याचे त्याच्या नवव्या अनुच्छेदात म्हटले आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीच्या हक्काबरोबर दूरध्वनी व दृक्‌श्राव्य संभाषण ह्यांद्वारे संपर्क राखण्याचा हक्कही मान्य केला. सैनिकाच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे. तथापि पुढच्या ठाण्यांवर संपर्काची साधने व वेळ ह्यांवर लष्करी निर्बंध असल्याने ठराविक तासाची अट निरुपयोगी ठरते. त्याऐवजी संधी मिळेल तेव्हा बोलणे करून देण्याचे बंधन घालणे अधिक व्यवहार्य होय.

निर्वाहाची तरतूद : अभिरक्षा व निर्वाह हे प्रश्न वेगळे असले, तरी व्यवहारात निगडित असतात. भूसेना अधिनियमाच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासाठी सैनिकाचे वेतन व भत्ते जप्त करता येत नाहीत. परंतु नव्वदाव्या व एक्याण्णवाव्या कलमांनुसार पत्नीच्या व औरस वा अनौरस अपत्याच्या निर्वाहासाठी केंद्र सरकार किंवा विहित अधिकारी वेतनातून रक्कम कापून देण्याचा आदेश देऊ शकतो. ह्यासाठी पत्नीला न्यायालयाबरोबर लष्करी अधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५ व्या कलमाखाली मिळणारी पोटगी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली मिळते.

सैनिकाच्या मृत्यूनंतरची स्थिती : हिंदू पित्याच्या मृत्यूनंतर माता ही नैसर्गिक पालक असते. पित्याने मृत्युपत्राने दुसरा पालक नेमला असला, तरी माता हयात असेतोवर ती नेमणूक अंमलात येत नाही. माता मृत्युपत्राने कोणाला न नेमता वारली, तरच ती पुन्हा प्रभावी होते. विधवा मातेने पुनर्विवाह केला, एवढ्या कारणाने १९५६ च्या अधिनियमाखालील तिचे पालकत्व संपत नाही. अपत्याचे हित कशात आहे, हाच प्रश्न उरतो. प्रत्यक्ष युद्धात असलेल्या सैनिकाला साक्षीदारांच्या औपचारिकतेशिवाय मृत्युपत्र करण्याची भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ मधील सवलत हिंदूंना लागू नाही. म्हणून हिंदू सैनिकाने मृत्युपत्र दोन साक्षीदारांसमक्ष रीतसर करणे इष्ट असते.

सैनिक माता : वरील बहुतेक तरतुदी पिता दूर व माता घरी, असे गृहीत धरून झाल्या. लष्करी परिचर्या सेवेचा अपवाद सोडल्यास स्त्रियांना भूसेनेत वैद्यकीयेतर शाखांमध्ये अधिकारी म्हणून १९९२ पासून प्रवेश मिळू लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या स्थायी सेवेचा मार्ग मोकळा केला आणि २०२१ मध्ये लष्करी पोलीस दलात स्त्रियांची पहिली तुकडी दाखल झाली. मातृत्व, बालसंगोपन व दत्तकग्रहण ह्यांसाठीच्या रजेचे अधिकाऱ्यांना असलेले नियम स्त्री सैनिकांनाही लागू करण्यास संरक्षण मंत्रालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली. माता सीमेवर व चार वर्षांचे मूल पित्यापाशी, असा प्रसंग आता संभवतो. पाच वर्षांच्या आतील अपत्याविषयीच्या नियमात ‘सामान्यतः’ हा शब्द असल्याने न्यायालयाला परिस्थितीनुसार निर्णय करता येतो. परंतु पित्याच्या बाबतीत सेवेमुळे घडलेली अनुपस्थिती दोषास्पद मानली जात नसेल, तर मातेच्या बाबतीतही ती मानता येणार नाही, हे उघड आहे.

इतर देशांतील विधी : ह्या विषयावर सर्वांत तपशीलवार विधिनिर्मिती अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली आहे. तेथील १९४० च्या सैनिक व खलाशी संरक्षण अधिनियमाची जागा २००३ मध्ये नव्या अधिनियमाने घेतली व २००८ मध्ये त्यातील तहकुबीची तरतूद अपत्याच्या ताब्याच्या दाव्यांनाही लागू असल्याचे स्पष्ट करण्यात आले. अफगाणिस्तान व इराक येथील मोहिमांवरून परतलेल्या अनेक सैनिकांना तात्पुरता बदललेला ताबा परत मिळविण्यासाठी झगडावे लागले होते. त्यामुळे २०१२ मध्ये राज्यांनी स्वीकारावा असा एक आदर्श अधिनियम तयार झाला. मोहिमेवर जाण्यापूर्वी उभयतांनी लेखी करार करावा, करार न झाल्यास न्यायालयाने त्वरित तात्पुरता आदेश द्यावा आणि सैनिक परतल्यावर तो संपुष्टात यावा, हे त्याचे मुख्य सूत्र होय. २०१४ च्या संघीय दुरुस्तीनुसार केवळ मोहिमेवर जाण्याच्या कारणासाठी दिलेला तात्पुरता आदेश त्या कारणापुरताच टिकतो आणि मोहिमेमुळे झालेली अनुपस्थिती हे एकच कारण अपत्याचे हित ठरविताना पुरेसे मानता येत नाही.

सुधारणेची दिशा : भारताच्या विधी आयोगाने मे २०१५ मध्ये सादर केलेल्या २५७ व्या अहवालात पालकत्वाच्या कायद्यात मातापित्यांना समान स्थान द्यावे व योग्य प्रकरणी संयुक्त अभिरक्षेची तरतूद करावी, अशी शिफारस केली. सैनिकांसाठी खास तरतूद मात्र अद्याप झालेली नाही. डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२ ह्या काळातील ‘पराक्रम’ मोहिमेत युद्ध झाले नाही, तरी सैन्य महिनोगणती सीमेवर होते. ह्यावरून युद्धाची अधिसूचना निघण्यावर अवलंबून असलेले संरक्षण पुरेसे नाही, हे दिसते. आहे त्या कायद्यातही पतिपत्नींनी मोहिमेवर जाण्यापूर्वी लेखी समजूत करून ठेवण्यास हरकत नाही. मूल कोणापाशी राहील, शाळा व औषधोपचार ह्यांचे निर्णय कोण घेईल, खर्च कसा पोहोचेल, संपर्क कसा राहील आणि परतल्यावर पूर्वस्थिती किती काळात आणली जाईल, ह्या पाच बाबी तीत असणे आवश्यक आहे. अशी समजूत न्यायालयावर बंधनकारक नसली, तरी मूल सोडून दिले नव्हते, विश्वासाने सोपविले होते, ह्याचा तो उत्तम पुरावा ठरतो. चाळीतल्या शेजाराच्या व गावाकडच्या नात्याच्या भरवशावर जी गोष्ट पूर्वी न बोलता होत असे, ती आता कागदावर यावी लागते, एवढाच तिचा अर्थ आहे.